बर्फावर गळ टाकून बसायचं, तर तंबू कसा निवडावा?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं मिल लॅक्स किंवा कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतातलं सिमको सरोवर जानेवारीत नीट गोठलं, की त्याच्या पाठीवर तंबूंची वस्ती उभी राहते. प्रत्येक तंबूत बर्फाला पाडलेली एक-दोन भोकं, त्यांत सोडलेले गळ आणि घडीच्या खुर्च्यांवर बसलेली दोन-तीन माणसं. बाहेर पारा उणे दहा, कधी उणे वीस. आणि वारा अडवायला मैलभर एक झाडही नाही. तंबू घ्यायला गेलेल्या जवळपास प्रत्येकाचा दुकानात पहिला प्रश्न असतो: हा आत गरम राहतो का?

प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. तंबू स्वतः कुणाला गरम करत नाही. उष्णता देतो तो हीटर आणि थोडीफार आपलं शरीर. तंबू फक्त ती उष्णता किती वेगाने निसटेल हे ठरवतो. आणि उष्णता निसटण्याइतकाच त्रासदायक दुसरा एक शत्रू आत असतो, त्याच्याकडे नवख्यांचं लक्ष जात नाही: ओल. हीटरच्या ज्योतीतून, श्वासातून, उघड्या भोकातल्या पाण्यातून वाफ सतत हवेत मिसळत राहते. ती थंडगार कापडावर गोठते आणि आत जरा ऊब आली की पाझरून अंगावर टपकते. कपडे ओले झाले की मग थंडी खरी लागते.

अस्तर असलेला, म्हणजे उष्णतारोधक तंबू या दोन्हींवर इलाज आहे. पण त्यासाठी तो कसं काम करतो हे समजून घ्यायला हवं. नाहीतर माणूस महागडा तंबू घेतो, सगळे झरोके घट्ट बंद करून आत बसतो आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच गमावतो. कधीकधी जीवही धोक्यात घालतो.

बसून राहणार की फिरणार?

अस्तराकडे वळण्याआधी तंबूचा सांगाडा ठरवावा लागतो, आणि तो तुमच्या मासेमारीच्या पद्धतीवरून ठरतो.

उचलून नेण्याजोग्या तंबूंत दोन मोठी कुळं आहेत. पहिलं फ्लिप-ओव्हर. याच्या तळाशी प्लॅस्टिकची स्लेड असते, म्हणजे बर्फावरून घसरत ओढायची गाडी. तिच्यावर आसनं बसवलेली असतात आणि मागे नळ्यांची कमान कापडासकट दुमडून ठेवलेली असते. जागेवर पोचायचं, भोकं पाडायची, आसनावर बसायचं आणि कमान डोक्यावरून पुढे ओढायची. झाला तंबू. मिनेसोटाचे मासेमार डेव्ह गेन्झ यांनी १९८०च्या सुमारास या धाटणीचा 'फिश ट्रॅप' बनवला आणि बर्फावरच्या मासेमारीची रीतच पालटली. त्याआधी पुष्कळ जण जड खोपटात एका जागी बसून मासा आपल्याकडे येण्याची वाट पाहत. आता मासा जिथे आहे तिथे आपणच जाता येऊ लागलं. थोडा वेळ काही लागलं नाही, की कमान मागे टाकायची, स्लेड ओढायची आणि पुढच्या भोकावर जायचं.

दुसरं कूळ हबचं. चार भिंती आणि छत, प्रत्येकाच्या मधोमध एक सांधा, आणि त्यातून कोपऱ्यांकडे गेलेल्या फायबरग्लासच्या काठ्या. मधला पट्टा धरून बाहेर ओढला की ती भिंत खटकन ताणून उभी राहते. उभं राहायला पुरेशी उंची, मोकळी जमीन, भोकं हवी तिथे पाडायची मुभा आणि गुंडाळल्यावर खांद्यावर मारता येईल अशी लांबट पिशवी. रशियात घनाच्या आकाराचे हिवाळी तंबू फार वापरात आहेत. त्यांनाही तिथे सरळ 'कूब', म्हणजे घनच म्हणतात.

वजनातला फरक कागदावर छोटा दिसतो, पण बर्फावर तो फार जाणवतो. चार जणांसाठीचा अस्तरवाला हब साधारण १५ ते २५ किलोंचा असतो. दोन जणांचा अस्तरवाला फ्लिप-ओव्हर स्लेड आणि आसनांसह ४५ ते ६० किलोंच्या घरात जातो. त्यात ऑगर (बर्फाला भोक पाडायचं गिरमिट), हीटर, गॅस, बादली, आमिषं यांची भर पडते. स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारगाडी, असेल तर हरकत नाही. पायी ओढत न्यायचा असेल आणि वर गुडघाभर भुसभुशीत हिम असेल, तर एक किलोमीटरही लांब वाटतो. एकटा माणूस, पायी प्रवास आणि तासाला दोनदा जागा बदलायची सवय असेल, तर एका माणसाचा छोटा फ्लिप-ओव्हर. दोघे-तिघे मित्र किंवा मुलंबाळं, आणि दिवसभर एकाच खाडीत मुक्काम असेल, तर हब. 'दोन्ही थोडं थोडं' या विचाराने मोठा, जड फ्लिप-ओव्हर घेणाऱ्यांना मी नेहमी एकच विचारतो: तो ओढणार कोण?

अस्तर नेमकं काय करतं

पाटीवर बहुधा ठळक अक्षरांत '६०० डेनियर' लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, आकडा मोठा म्हणजे ऊब जास्त. डेनियरचा उबेशी काही संबंध नाही. ९००० मीटर सुताचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. म्हणजे ते सुताच्या जाडीचं माप झालं. ६०० डेनियरचं कापड ३००च्या कापडापेक्षा सहज फाटत नाही, वाऱ्यात जास्त टिकतं आणि जास्त जडही असतं. ऊब राखतो तो बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्या मधला भराव. रजईत कापूस असतो तसाच इथे पॉलिएस्टरच्या तंतूंचा हलका, फुगीर थर असतो. काम तंतूंचं नसतं, त्यांच्यात अडकून पडलेल्या स्थिर हवेचं असतं. म्हणून पाटीवर भरावाचं वजन, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, दिलेलं आहे का हे आधी पाहावं. नसेल तर भिंतीचं कापड चिमटीत धरून सोडावं. फुगून परत वर येणारं कापड हवा धरतं. चपटं राहणारं धरत नाही.

आता एक ढोबळ गणित करू. आकडे अंदाजाचे आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण समजून घेण्यासारखं आहे.

१.८ मीटर लांब, तितकाच रुंद आणि २ मीटर उंच हब घ्या. भिंती आणि छत मिळून सुमारे १८ चौरस मीटर कापड झालं. बाहेर उणे १० अंश सेल्सिअस, आत १५ अंश हवेत. फरक २५ अंशांचा. एकपदरी कापडाचा स्वतःचा रोध जवळपास शून्य असतो. जो काही अडथळा होतो तो कापडाला लगटून असलेल्या हवेच्या पातळ थरामुळे. या हिशेबाने एकपदरी तंबूच्या कापडातून सुमारे २६०० वॅट उष्णता सतत बाहेर जाते. मध्ये ५ मिलिमीटरचा फुगीर भराव असेल तर हाच आकडा १५०० वॅटच्या आसपास येतो. म्हणजे साधारण चाळीस टक्के बचत.

हे आकडे हीटरशी ताडून पाहा. तंबूत वापरायचे छोटे प्रोपेन हीटर साधारण १२०० ते २६०० वॅट देतात. त्यांच्यावर हेच बीटीयू या उष्णतेच्या एककात, ४००० ते ९००० असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकपदरी तंबूत हीटर पूर्ण जोरात लावला तरी त्याची सगळी ताकद नुसती कापडातून वाहून जाते. अस्तरवाल्यात मधल्या खटक्यावर काम भागतं. गॅसच्या भाषेत सांगायचं तर एकपदरी तंबूला तासाला सुमारे २०० ग्रॅम प्रोपेन, अस्तरवाल्याला १२०. छोट्या हिरव्या टाकीत, म्हणजे एक पौंडी सिलिंडरमध्ये, साधारण ४६५ ग्रॅम गॅस असतो. पहिल्या तंबूत ती दोन-सव्वादोन तासांत संपते, दुसऱ्यात जवळपास चार तास चालते.

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही: १ किलो गॅसमागे सुमारे १.६ किलो. म्हणजे वरच्या हिशेबात एकपदरी तंबूत तासाला ३३० ग्रॅम पाणी नुसत्या ज्योतीतून हवेत जातं, अस्तरवाल्यात १९० ग्रॅम. एकपदरी तंबू उष्णता जास्त घालवतो, म्हणून गॅस जास्त जाळावा लागतो, म्हणून पाणीही जास्त तयार होतं. आणि त्या पाण्याला बसायला त्याच तंबूची भिंत सगळ्यांत थंड. या उदाहरणात एकपदरी कापडाची आतली बाजू उणे ४ अंशांच्या आसपास राहते, म्हणजे वाफ तिथे थेट गोठते. अस्तरवाल्याची आतली बाजू अधिक ४च्या आसपास राहते. तिथे हिम धरत नाही, आणि आतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या जवळ राखता आली तर दवही धरत नाही.

अस्तराचं मोल यात आहे. ऊब तर मिळतेच, पण भिंत गोठणबिंदूच्या वर राहते हा खरा फायदा. छताला हात लावला की अंगावर हिमाचा चुरा पडत नाही, दोर-काठ्यांना बर्फ धरत नाही, संध्याकाळी तंबू गुंडाळताना तो पत्र्यासारखा ताठ झालेला नसतो.

अस्तर सगळीकडे आहे का, हेही तपासा. काही तंबूंत फक्त छताला अस्तर असतं आणि भिंती एकपदरी. काहींत दार आणि कोपरे सोडलेले असतात. भराव जागेवर राहावा म्हणून मारलेली शिवणही पाहा. जिथे टाका पडतो तिथे भराव दाबला जातो आणि तेवढी रेघ थंड राहते. कडाक्याच्या थंडीत हिमाच्या रेषा नेमक्या शिवणीवरून उमटतात. दाट टाके म्हणजे मजबूत तंबू असं वाटतं, पण उबेच्या दृष्टीने मोठ्या चौकटींची शिवण बरी.

वाचलेली ऊब झरोक्यावर खर्च करा

इथे बहुतेकांची गल्लत होते. अस्तरामुळे तंबू ऊब धरतो, म्हणून तो अजून घट्ट बंद केला तर अजून बरं, असा विचार मनात येतो. हा विचार घातक आहे.

वर काढलेली बचत आठवा: सुमारे ११०० वॅट. आता झरोके उघडे ठेवून तासाला ४० घनमीटर बाहेरची हवा आत येऊ दिली, तर ती २५ अंशांनी तापवायला साधारण ३४० वॅट लागतात. म्हणजे बचतीतला जेमतेम तिसरा हिस्सा खर्च करून तासाला सहा वेळा तंबूतली सगळी हवा बदलते. उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे फार तर दोन ग्रॅम वाफ मावते. तीच हवा आत येऊन १५ अंशांना पोचली की तिच्यात तेरा ग्रॅमपर्यंत मावू शकते. म्हणजे बाहेरची थंड हवा तंबूतली ओल शोषून घ्यायला तयारच असते. तिला फक्त आत येऊ द्यायचं आणि वरून जाऊ द्यायचं. एकपदरी तंबूत ही चैन परवडत नाही, कारण हीटर आधीच दमलेला असतो. अस्तरवाल्यात परवडते. माझ्या मते अस्तरासाठी जास्त पैसे मोजण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

म्हणून तंबू निवडताना झरोके मोजा आणि ते कुठे आहेत ते पाहा. एक खाली, एक वर, शक्यतो समोरासमोरच्या भिंतींना. वरच्यातून गरम, दमट हवा बाहेर जाते आणि खालच्यातून ताजी आत येते. वरच्या झरोक्याला कापडाची टोपी आणि ती उघडी धरणारी छोटी काडी असावी, नाहीतर वाऱ्याने तो मिटतो. बसल्या जागेवरून हात पोचेल असे झरोके उत्तम. उठून, खुर्ची सरकवून उघडावा लागणारा झरोका कुणी उघडत नाही.

आता जिवाची गोष्ट. वरच्या आकाराचा तंबू अगदी हवाबंद आहे असं क्षणभर धरा. तासाला १२० ग्रॅम प्रोपेन जाळायला सुमारे ४३० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तंबूत असतो तो सारा मिळून पावणेदोन-दोन किलोंच्या आत. म्हणजे तासाभरात हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६च्या आसपास येईल. खरा तंबू इतका हवाबंद नसतो, पण खालच्या झालरीवर हिम लोटून दाबलं आणि झरोके बंद केले की तो त्या दिशेला सरकतो. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते. आणि दिवसभर थंडीत बसलेल्या माणसाला ही सगळी लक्षणं थकव्याची वाटतात. मोकळ्या हवेत गेल्यावर डोकेदुखी उतरत असेल तर तो थकवा नव्हता. तिथेच हीटर बंद करायचा आणि सगळ्यांनी बाहेर थांबायचं.

चांगल्या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की, साधारण १८ टक्क्यांवर, ज्योत आपोआप विझवणारी व्यवस्था असते. ती हवीच. पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. त्यासाठी बॅटरीवरचा वेगळा अलार्म लागतो, आणि तो घेतानाही डोळे उघडे ठेवा. घरात लावायचे बरेच अलार्म सुमारे ४ अंशांच्या वरच चालण्यासाठी बनवलेले असतात. प्रवासी गाड्यांसाठीचे अलार्म कडक थंडीत तपासलेले असतात, तसा घ्यावा. झोपायचं असेल तर तंबूत उघड्या ज्योतीचा हीटर चालू ठेवून झोपू नये. यात मला कुठलीही पळवाट मान्य नाही.

अलीकडे काही जण छोटे डिझेल हीटर वापरतात. त्यांत ज्योत बंद खोक्यात असते, धूर नळीने बाहेर जातो आणि तंबूत फक्त कोरडी गरम हवा येते. ओलीचा प्रश्न एकदम निम्म्यावर येतो. बॅटरी वाहावी लागते, आणि धुराच्या नळीचं तोंड झरोक्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावं लागतं. एका जागी दिवसभर बसणाऱ्यांनी विचार करावा असा हा मार्ग आहे.

गॅसबद्दल एक छोटी गोष्ट: टाकी प्रोपेनचीच असावी. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतो, ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की द्रवच राहतो. उन्हाळी सहलीच्या शेगडीची टाकी बर्फावर कामाला येत नाही, ती यामुळे.

किती मोठा?

'चार जणांचा' असं पाटीवर लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ चार खुर्च्या एकमेकींना टेकवून मावतात, एवढाच. त्यात हीटर नाही, भोकं नाहीत, मासा वर ओढताना मागे घ्यायचा हात नाही. हीटरच्या चहूबाजूंनी मोकळी जागा लागते. किती, ते हीटरच्या पत्रकात दिलेलं असतं. पाटीवरच्या आकड्यातून एक वजा करा, जाड कपड्यांची मोठी माणसं असतील तर दोन.

उलट, गरजेपेक्षा मोठा घेण्याचीही किंमत असते. ३.६ बाय १.८ मीटरच्या लांबट हबला सुमारे २८ चौरस मीटर कापड लागतं. अस्तर तेच, थंडी तीच, पण उष्णतेची गळती जवळपास २४०० वॅट. म्हणजे एक छोटा हीटर पुन्हा पूर्ण जोरावर, किंवा दोन हीटर. नेहमी दोघेच जात असाल तर कधीतरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोठा तंबू घेऊ नका. एका माणसाचा फ्लिप-ओव्हर उबेला चांगला वाटतो तोही यामुळेच: त्याला कापडच कमी असतं.

वारा

सरोवराच्या मध्यावर तंबू थंडीपेक्षा वाऱ्याने जास्त मोडतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात हबच्या एका भिंतीवर सुमारे २२ किलो वजनाइतका रेटा येतो. ताशी ७२ झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे जवळजवळ ९० किलो. तंबू स्वतः वीस किलोंचा आणि खाली गुळगुळीत बर्फ. माणूस आत नसताना असा तंबू किनाऱ्यापर्यंत घरंगळत गेल्याची उदाहरणं दर हिवाळ्यात घडतात.

म्हणून हब घेताना खुंट्या कशा आहेत ते पाहा. बर्फात पिळून बसवायच्या, आट्यांच्या खुंट्या हव्यात. तंबूबरोबर चार-सहा मिळतात. थोड्या जास्तीच्या घेऊन ठेवा आणि बॅटरीच्या ड्रिलला लावायचा सांधाही घ्या. हातमोजे घालून कडक बर्फात खुंटी पिळणं फार जिकिरीचं असतं. दोर फक्त खालच्या कोपऱ्यांना पुरत नाहीत. प्रत्येक भिंतीच्या मधल्या सांध्याला दोर बांधायची कडी हवी, कारण वारा भिंत आत ढकलतो तो तिथूनच, आणि काठ्या मोडतात त्याही तिथेच. उभारताना वाऱ्याकडची कड आधी खुंटीला बांधायची, मग भिंती ओढायच्या. काढताना उलट: ती खुंटी सगळ्यांत शेवटी.

तळाची झालर रुंद असावी. तिच्यावर हिम लोटलं की खालून येणारा बोचरा वारा थांबतो. फक्त खालच्या झरोक्यासमोर हिम लोटू नका, आणि वाऱ्याने नंतर साचलेलं हिम मधूनमधून बाजूला करा. फ्लिप-ओव्हर या बाबतीत निवांत असतो. स्लेड, सामान आणि बसलेला माणूस मिळून त्याला चांगलाच भार मिळतो.

पायाखालचा बर्फ

अस्तर भिंतींना असतं, जमिनीला बहुधा नसतं. खाली बर्फ, त्याची खालची बाजू नेमकी शून्य अंशावर, कारण ती पाण्याला टेकलेली. वर गरम हवा छताशी जमते, म्हणून डोक्याशी घाम आणि पायाशी गारठा अशी विचित्र अवस्था होते. त्यावर उपाय स्वस्त आहे: बंद पेशींच्या फोमचे, एकमेकांत अडकवायचे चौकोन पायाखाली पसरायचे. ते पाणी शोषत नाहीत. पाय कोरडे राहतात आणि हीटरच्या उबेने बर्फाचा वरचा थर वितळून चिखल होणंही लांबतं. काही तंबूंबरोबर अस्तरवाली जमीन वेगळी मिळते, भोकांसाठी कापलेल्या झडपा असलेली. ती काढता-घालता येणारी असेल तरच घ्या. शिवून जोडलेली जमीन मासेमारीत ओली आणि घाण होते, आणि मग अख्खा तंबू वाळवत बसावं लागतं.

तंबू उभारण्याआधी त्याखालचा बर्फ किती जाड आहे हे मोजायचं. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं नव्या, पारदर्शक, घट्ट बर्फासाठी पायी चालायला किमान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर सांगतं, आणि स्नोमोबिलसाठी ५ ते ७ इंच. पांढरट, हिममिश्रित बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरायची. हे आकडे किमान आहेत. तंबूत चार माणसं, सामान आणि पाच-सहा भोकं एकाच जागी दिवसभर असतात, म्हणून काठावरच्या जाडीवर तंबू ठोकू नये. भोकांतून पाणी वर येऊन पसरू लागलं तर बर्फ भाराने खाली वाकतोय असं समजून लगेच उठावं.

बाकी बारीकसारीक

चेन मोठ्या दातांची आणि दोन्ही बाजूंनी ओढता येणारी असावी. तिच्या ओढणीला हातमोज्यातून पकडता येईल अशी दोरी हवी. बारीक दातांची चेन ओली झाली की गोठते आणि मग दार उघडत नाही. मेण चोळून ठेवलं तर त्रास कमी होतो. दारं दोन असलेली बरी, एक अडलं तर दुसरं. खिडक्यांची पारदर्शक तावदानं थंडीत ठिसूळ होतात, म्हणून ती वेल्क्रोने काढता येणारी हवीत. शिवलेलं तावदान तडकलं तर सगळी भिंत बदलावी लागते.

आतला रंग काळा की पांढरा? आत अंधार असेल तर भोकातून पाण्यात खोलवर दिसतं. भाला घेऊन पाइक माशाची वाट पाहणारे म्हणूनच पूर्ण काळोखी तंबू वापरतात. गळ आणि मासे दाखवणारं यंत्र घेऊन बसणार असाल तर फिकट अस्तर बरं; दिवसभर अंधारात बसणं मनाला जड जातं.

कापडावर 'सीपीएआय-८४' असं लिहिलं असेल तर ते तंबूच्या कापडासाठीच्या ज्वालारोधक कसोटीचं नाव आहे. असं कापड सहज पेट घेत नाही. जळतच नाही असं नाही. हीटर भिंतीपासून लांबच ठेवायचा.

नियमही तंबूच्या मापावर परिणाम करतात. ऑंटारिओच्या बऱ्याच भागांत बर्फावरच्या खोपटांची नोंदणी करावी लागते, पण उभारल्यावर ७ चौरस मीटर किंवा त्याहून कमी जागा घेणाऱ्या कापडी तंबूला नोंदणी लागत नाही. ३.६ बाय १.८चा हब त्यात बसतो, ३ बाय ३चा बसत नाही. मिनेसोटात रात्रभर बर्फावर सोडलेल्या तंबूवर प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या लागतात, अंधारात स्नोमोबिल येऊन आदळू नये म्हणून. हिवाळा संपताना तंबू-खोपटी काढून नेण्याच्या तारखाही ठरलेल्या असतात.

घरी आल्यावर तंबू पिशवीत तसाच ठेवू नका. एकपदरी कापड तासाभरात वाळतं, अस्तरवाल्याच्या भरावात शिरलेली ओल वाळायला दिवस लागतो. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते, आणि भराव गोळा होऊन चपटा पडतो. मग पुढच्या हिवाळ्यात तोच तंबू एकपदरी असल्यासारखा वागतो. गॅरेजमध्ये किंवा मोकळ्या खोलीत उभा करा, चेन आणि झरोके उघडे टाका, काठ्यांवर हात फिरवून कुठे तंतू सुटलेत का पाहा. जुना तंबू विकत घेतानाही हेच करायचं: विकणाऱ्याला तो समोर उभा करून दाखवायला सांगायचं, आत जाऊन दार लावायचं आणि शिवणींतून उजेड येतो का ते पाहायचं.